ताईचे कान कुणी नेले?

एक

ताईचे कान भर दुपारी गेले. घरात माणसं होती, बाहेरचं दार बंद होतं, आणि ती स्वतः पलंगावर एका कुशीवर झोपलेली होती.

कान म्हणजे कानांमागे लावायची श्रवणयंत्रं. पण घरात त्यांना यंत्रं कुणी म्हणत नसे. झोपण्याआधी ताईनं ती काढली, सवयीनं दोन्हींच्या सेलची चिमुकली दारं उघडली, म्हणजे यंत्रं बंद राहतात आणि सेल फुकट जळत नाहीत, आणि उशाशी बशीत ठेवली. उठली तेव्हा बशी होती. बशीत काही नव्हतं.

ताईनं नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळला. राजांचे झगे, भिकाऱ्यांच्या चिंध्या, सगळं तिच्याच सुईखालून गेलं. शिवणयंत्रांच्या बंद खोलीत हयात गेली, आणि त्या धडधडीनं तिचं ऐकणं कुरतडत नेलं. माणसं काय म्हणतात ते कळेना, म्हणून उत्तरं चुकू लागली. उत्तरं चुकतात म्हणून माणसं बोलेनाशी झाली. बोलायला कुणी नाही म्हटल्यावर तिचं डोकंही रुसून कोपऱ्यात जाऊन बसलं. घरानं ठरवून टाकलं, ताई विसरायला लागली. मग यंत्रं लागली, आणि त्या विसरण्यातलं बरंचसं पुसलं गेलं. डॉक्टर म्हणाले होते, "ऐकण्याच्या धडपडीतच मेंदू दमून जात होता हो. लक्षात ठेवायला जोर उरणार कुठून?"

आणि मग यंत्रं हरवू लागली. पहिल्यांदा ती बटणांच्या डब्यात सापडली. दुसऱ्यांदा अर्धवट शिवलेल्या कोटाच्या अस्तरात. या तिसऱ्या वेळी मात्र सापडेचनात. सुनेनं स्मरणशक्ती तपासायच्या दवाखान्यात सासूसाठी वेळ घेतली. शिवणखोलीला कुलूप घातलं. आत कात्र्या, तापती इस्त्री, उगाच काही झालं तर? कंपनीनं कळवलं, नव्या नाटकाचे पोशाख यंदा ताईकडे देत नाही. तिनं विश्रांती घ्यावी.

कान जाऊन आठवडा झाला त्या संध्याकाळी ताईनं धाकट्या बहिणीला मोबाइलवर लिहून पाठवलं. "ये. मी वेडी होतेय की मला कुणी करतंय, ते बघ."

दोन

धाकटी बहीण म्हणजे मावशी. नात्यानं सुनेच्या नवऱ्याची, पण हाक मारायला साऱ्या गल्लीची. विमा कंपनीत हरवल्या-चोरल्याचे दावे तपासण्यात तिची सारी नोकरी सरली होती. ती म्हणायची, हरवलेल्या वस्तूमागे नुसती वस्तू असते, लपवलेल्या वस्तूमागे माणूस असतो. माणूस शोधा, वस्तू पाय फुटून येते.

ताई कुलूपबंद खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर बटणांचा डबा. बोटं बटणं चाळत होती आणि ओठांतल्या ओठांत बेसूर गुणगुण चालली होती,

सुई पुढं पुढं, धागा मागं मागं येई,
कोण कुणासाठी, कुणा ठाव नाही बाई.

मावशी तिच्यासमोर बसली, तोंड तिच्या तोंडासमोर आणलं आणि सावकाश म्हणाली, "ताई, खरं सांग. तुला स्वतःला काय वाटतं?"

"मला?" ताईचा आवाज नको तेवढा मोठा होता. "मला वाटतं मी बशीत ठेवले. पण मागच्या वेळीही मला तसंच वाटलं होतं. मग कोटात कसे गेले? माझ्या हातांवर माझा विश्वास उरला नाही गं. कात्री धरायलासुद्धा भिते."

"कुणावर संशय?"

"सगळे ओठ हलवतात माझ्यासमोर. हसतात. एकेकाची असूया वाटते मला, सुनेची, कंपनीत कापड बेतते त्या कातरवालीची, तुझीसुद्धा. ऐकता तुम्ही. फुकटात." तिनं डब्यातून दोन जाड सेल काढले, अंगठ्याएवढे. "आणि हे बघ. बटणांच्या डब्यात! म्हणे मीच टाकले. माझ्या यंत्राचे सेल मसुराएवढे. मी हे कशाला टाकीन? पण सून म्हणाली, बघा आई, सेल म्हणजे बटण झालं तुम्हाला."

मावशीनं ते सेल हातात तोलले, आणि न विचारता पर्समध्ये टाकले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बारीक टींटीं ऐकू आली. थांबेचना.

तीन

ओव्हनचा गजर होता. ओव्हनला टेकूनच मास्तर, म्हणजे ताईचे यजमान, पेपर वाचत बसले होते. पेपरचं पान शांतपणे उलटलं गेलं. वरच्या मजल्यावरून सून धावत आली.

"बाबा, अहो वाजतंय ना!"

"काय वाजतंय?"

"काही नाही. तुम्ही वाचा." तिनं बटण दाबलं आणि मावशीला डोळ्यांनी बाहेर बोलावलं. नवरा जहाजावर, वर्षातले निम्मे महिने पाण्यात. घर हिच्या एकटीच्या डोक्यावर. जिन्यावर बसल्या बसल्या तिनं स्वतःहूनच सुरुवात केली.

"मावशी, तुम्ही विचारण्याआधी सांगते. जळते मी. आईंना ऐकू येत नव्हतं तेव्हा बायका कपडे माझ्याकडे आणायच्या. मीही बरं शिवते हो. यंत्रं लागली, आणि पुन्हा सगळ्या 'ताई आहेत का, ताई आहेत का'. मी दार उघडायला."

"मग घेतलेस का कान?"

सून हसली. "घेऊन करू काय? त्यांचे कान गेले की घसा कुणाचा फाटतो? माझा! चहा घेता का हे तीनदा ओरडून विचारायचं, आणि शेजारच्यांनी वरून ओरडायचं, हो घेतो म्हणून."

मावशीही हसली. मग म्हणाली, "त्या दुपारी काय काय झालं? क्षुल्लक असलं तरी सांग."

"काही नाही. कातरवाली आली होती, नमुने न्यायला. आई झोपल्या होत्या, ती बसून गेली. आणि हो, त्या दिवशी घरात एक शीळ होती. बारीक, सुईसारखी, सतत. मी फ्रिज बंद करून पाहिला, नळ बघितले. चारसहा दिवस डोकं उठवलं तिनं, मग आपोआप थांबली."

"आणि दवाखान्याची कल्पना तुझी?"

सुनेचा चेहरा बदलला. "नाही. मी तर टाळत होते. बाबांनी माझा हात धरला. रडत होते, मावशी. म्हणाले, हिला दाखव गं कुणाला तरी, ही खरंच चालली."

चार

कातरवाली नाट्यगृहामागच्या खोलीत लांबलचक टेबलावर मखमल पसरून उभी होती. मावशी आत आली तशी तिनं कात्री खाली ठेवली नाही.

"ताई वेडी ठरली तर कपडेपट माझा. हेच विचारायला आलात ना?"

"तुम्हीच उत्तर देऊन टाकलंत."

"मग पुढचंही ऐका. तिनं कापलेली बाही खांद्यावर अशी बसते, जशी तिथेच उगवली. मी तिच्या शेजारी उभी राहून म्हातारी झाले, मला ती बाही जमत नाही. राग येतो. फार येतो. कधी कधी वाटतं, तिचा एक तरी झगा उसवावा." तिनं मखमलीवरून हात फिरवला. "पण आता झगे माझ्याकडे आलेत आणि मी रोज तिला विचारायला जाते. ती खुणेनं सांगते, मी कापते. हिच्यावाचून मिळालेल्या मानाचं करू काय, चुलीत घालू?"

"त्या दुपारी तुम्ही घरात होतात."

"मास्तरांपाशी बसले होते. खिडकीत, त्यांच्या खुर्चीशेजारी. मांडीवर ती त्यांची टॉर्च, नेहमीची. कसलीशी शीळ चालली होती, डास बाटलीत कोंडल्यासारखी. मी म्हटलं, मास्तर, काय वाजतंय? ते म्हणाले, काहीच नाही वाजत. मला वाटलं, झालं, आता माझे कान गेले."

मावशी दाराशी पोचली तेव्हा मागून आवाज आला.

"जळणारी मी एकटी नाही हं. रंगीत तालमीला ताई माझ्या एका वाक्यावर खदखदून हसली, यंत्रं नवी होती तेव्हा. त्या वेळी मास्तरांचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. जणू मी त्यांच्या खिशात हात घातला."

पाच

मास्तर कंपनीत प्रॉम्प्टर होते. नट अडला की विंगेतल्या अंधारातून त्याला शब्द पुरवायचा, प्रेक्षकाला पत्ता लागू न देता. उजेडाला हातात एक लांबट टॉर्च. निवृत्त झाले तरी टॉर्च सुटली नव्हती. काही माणसांची जपमाळ असते तशी ती त्यांच्या मांडीवर असायची.

"ये, बस. चहा घेतलास?"

"घेतला, भावजी. शोधाशोध कुठवर आली?"

"सगळं घर उलथं केलं. कपाटं, गाद्या, तिच्या बटणांचा डबा तर कितीदा. माझंही टेबल पाहिलं. म्हटलं, चुकून माझ्याकडे आले असतील." त्यांचे हात खरोखर थकलेले दिसत होते. मावशीनं आयुष्यभर खोटे शोधणारे पाहिले होते. खोटा माणूस सगळीकडे शोधतो, फक्त एक जागा सोडून. यांनी एकही सोडली नव्हती.

"पहिल्या दोन्ही वेळी कुणाला सापडले होते?"

"मलाच की." त्यांचा चेहरा उजळला. "मी डब्यातून काढून दिले तेव्हा ती माझ्याकडे अशी बघत होती, अशी... जशी पूर्वी बघायची." ते खिडकीबाहेर पाहू लागले. "तुला नाही कळणार. तिला ऐकू येईना तेव्हा मी होतो. लोक बोलायचे, मी तिच्या कानाशी लागून सांगायचो. विनोद सांगायचो. ती माझ्या तोंडून हसायची. आता थेट हसते. मी शेजारी नुसता बसतो, सामानासारखा."

मावशीला काहीतरी टोचलं, आणि तो संशय नव्हता. तिच्या नवऱ्यानं तिला कधी एक विनोद कानात सांगितला नव्हता. ताईचा हा नवरा तिला तरुणपणापासून सलत आला होता. आताही त्याच्याकडे बघताना तिला चोर दिसेना. आपल्याला न मिळालेलं माणूस तेवढं दिसत होतं.

"ही टॉर्च लागत नाही गं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी ती तिच्या हातात दिली. "बल्ब गेला असणार, सेल तर नवे आहेत. सूनबाईला सांगून थकलो, दुरुस्तीला टाक म्हणून. तू नेतेस का जाताना?"

"नेईन," मावशी म्हणाली आणि टॉर्च खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उठली. डोळे तिला पुसायचे होते.

दारापर्यंत गेली तशी मागून प्रेमळ हाक आली. "अगं, थांब की. चहा घेतलास?"

मावशी तिथंच खिळली. तिचा हात पर्समध्ये गेला, आणि त्या दोन जाड सेलांवर बोटं मिटली.

सहा

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं सुनेला शिवणखोलीचं कुलूप काढायला लावलं. ताई, मास्तर, सून, आणि मखमलीचा तुकडा काखेत घेऊन आलेली कातरवाली, सगळे कापडांच्या गठ्ठ्यांवर बसले. मावशी ताईसमोर उभी राहिली, शब्द ओठांवरून वाचता येतील असं बोलू लागली.

"जळणारे इथं सगळे आहेत. मीही. म्हणून जळण्यावरून चोर सापडत नाही. शिळेवरून सापडतो. ताई झोपताना यंत्रांची दारं उघडते. नेणाऱ्यानं ती बंद केली, कारण उघड्या दारानिशी यंत्र अरुंद जागेत सरकत नाही. दार बंद झालं की यंत्र चालू होतं. आणि चालू यंत्र घट्ट जागी कोंडलं की शिट्टी मारतं. चारसहा दिवस मारत होतं, सेल संपेपर्यंत. सूनबाईला ती ऐकू आली, कातरवालीला आली. यांतल्या कुणी लपवलं असतं तर पहिल्या मिनिटाला ते गप्प केलं असतं. चोरीचा माल ओरडत असताना कोण स्वस्थ बसेल?"

"ज्याला ओरडणं ऐकू येत नाही तो," कातरवाली हळूच म्हणाली.

"अशी माणसं घरात दोन. एक ताई. पण ती दार कधी बंद करायची नाही, आणि तिनं लपवलं असतं तर या सेलांनी तिला कोड्यात टाकलं नसतं." मावशीनं जाड सेल शिवणयंत्राच्या फळीवर ठेवले. "हे घरातल्या एकाच वस्तूत बसतात. त्या वस्तूतून सेल काढून कुणी ते हाताला लागेल तिथं, बटणांच्या डब्यात टाकले. टॉर्च रिकामी का करायची? तिच्यात दुसरं काही ठेवायला."

सुनेनं तोंडावर हात घेतला. "पण मावशी, बाबा तर ती टॉर्च मला दुरुस्तीला द्यायला सांगत होते! रोज! चोर आपणहून माल देईल?"

"तिथंच मी अडले होते," मावशी म्हणाली. "आत काय आहे हे माहीत असलेला माणूस ती कुणाच्या हाती देणार नाही. काल त्यांनी माझ्या हातात दिली. मग ती जागा त्यांनीच केली, आणि त्यांनाच ठाऊक नाही."

तिनं मास्तरांच्या मांडीवरची टॉर्च घेतली, बूड फिरवलं आणि तळहातावर उलटी केली. दोन छोटे, कातडीच्या रंगाचे कान बाहेर घरंगळले.

मास्तर सगळ्यांत आधी पुढे झुकले. त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ आश्चर्य होतं, लहान मुलाचं. "अरे! हे कुणी ठेवले इथं?"

सुनेनं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"थांबा," मावशी म्हणाली. "तिला ऐकू येईपर्यंत आता कुणी काही बोलायचं नाही."

ताईनं खणातून नवे चिमुकले सेल काढले. दारं नीट बसली. एक कान, मग दुसरा. तिनं मान वर केली. "बोला," ती मास्तरांना म्हणाली. "माझ्याशी बोला. मधे कुणी नको."

मास्तर टॉर्चकडे पाहत होते. "पहिल्या दोन वेळी मीच," ते म्हणाले. "ते आठवतं. मुद्दाम ठेवले आणि मुद्दाम शोधून दिले. तुला मी लागावं म्हणून. पण ही तिसरी वेळ... मी नाही गं ठेवले. शप्पथ. मला वाटलं, मी खेळत होतो ते खरं झालं, तू खरंच विसरायला लागलीस. घाबरलो. म्हणून दवाखाना..." ते अडले. शब्द कुणी पुरवला नाही. मग ते म्हणाले, "ठेवले असतील. मीच ठेवले असतील. हाताला आठवत नाही. पण मनात होतं, ते आठवतं."

सात

दवाखान्यातली वेळ रद्द झाली नाही. फक्त खुर्चीवर दुसरं माणूस बसलं.

ताई शेजारी होती. मावशी बाहेर बाकावर. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही सुरुवात आहे. थांबेल असं वचन मी देत नाही, पण हातावर हात ठेवून बसायचीही गरज नाही. रक्तदाब इतका वाढलाय, कधी मोजला होता का? कान तर तुमचेही गेलेत, बारीक आवाज पोचतच नाहीत. आणि दिवसभर खिडकीत एकटे? काका, तुम्ही स्वतःला जिवंतपणी अडगळीत टाकलंत. चाला, झोपा वेळेवर, आणि मुख्य म्हणजे माणसांत बसा."

"माणसं हिची आहेत," मास्तर पुटपुटले.

"मग हिची वापरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर सुनेनं शिवणखोलीची किल्ली ताईच्या ओंजळीत ठेवली आणि खाली मान घालून म्हणाली, "आई, चुकले." ताईनं किल्ली कनवटीला लावली. "चुकलीस. उद्यापासून काजं तू करायचीस. बरी करतेस, माझ्याहून बारीक. सांगितलं नव्हतं कधी, जळत होते." कंपनीला कातरवालीनं परस्पर कळवून टाकलं होतं की पोशाख ताईच कापणार आणि ज्याला मान्य नाही त्यानं नागडं स्टेजवर जावं.

राहिला तो एकच हिशोब. मास्तर खोलीच्या उंबऱ्याशी उभे होते, आत यावं की नाही या विचारात. ताईनं कापडावर खडूनं रेघ ओढली, सरळ, एका दमात. मग वर न बघता म्हणाली,

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

"नको करूस."

"माझं डोकं गेलं असं मला वाटू दिलंत तुम्ही. आठवडाभर मी आरशात बघायला भीत होते. ही कात्री हातात धरवेना. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याचं तोंड पाहिलं नसतं."

"हो."

"आणि तुम्ही हे विसरून जाल. उद्या नाही तर पुढल्या वर्षी. मजेत बसाल चहा पीत, आणि मी एकटीच हे घेऊन बसणार. तसं नाही चालायचं." तिनं खडू ठेवला आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "मी रोज सांगणार आहे. सकाळी उठल्या उठल्या. काय केलंत ते, आणि मी रागावलेय ते. रोज."

मास्तर उंबरा ओलांडून आत आले. कापडांच्या गठ्ठ्यावर, कातरवाली बसायची नेमक्या त्या जागी, ते अंग चोरून बसले.

"रोज सांगशील?" त्यांनी विचारलं. आवाजात भीती होती, आणि भीतीपेक्षा हाव जास्त होती. "दुसऱ्या कुणाला नाही ना? मलाच?"